आमची वाटचाल: बार्जपासून एंडकटपर्यंत

वास्कोत आम्ही जहाजांचं डिझाइन ऑफिस थाटलं तेव्हा गोव्यात खाणींची तेजी होती. मांडवी-जुवारीतून खनिज मुरगावकडे नेणाऱ्या बार्जेसची रीघ लागलेली, आणि यार्डांना ड्रॉइंग कायम कालच हवं असायचं. स्टिफनरचं, म्हणजे प्लेटला बळकटी देणाऱ्या पट्टीचं, टोक कसं कापायचं हे त्यावर क्वचितच लिहावं लागे. फिटर खडूने खूण करी, गॅसकटरवाला कापी. नाहीच बसलं तर ग्राइंडर होता.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीजचं नूतनीकरणच रद्द केलं. नवी बार्ज बांधतो कोण? आम्ही परदेशी यार्डांची प्रॉडक्शन ड्रॉइंगं घेऊ लागलो. तिथे प्रोफाइल, म्हणजे स्टिफनरच्या पट्ट्या, रोबो कापतो, आणि त्याला खडूची भाषा कळत नाही.

म्हणून आमचं काम जहाजाच्या संगणकावरच्या मॉडेलच्या आधी सुरू होतं, एंडकटच्या, म्हणजे टोकांच्या कापांच्या, तक्त्यापासून. फ्लॅटबार, बल्ब, अँगल, टी, पट्टीच्या प्रत्येक आकाराचे कोड वेगळे. अँगल आणि टीला वेबबरोबर (उभा भाग) फ्लँजचाही (आडवा भाग) काप ठरवावा लागतो. टोक प्लेटला भिडून वेल्ड होणार असेल तर एक कोड, मोकळं सुटणार असेल तर स्नाइपचा, म्हणजे तिरक्या कापाचा, दुसरा. स्नाइपला मर्यादा क्लासची, म्हणजे जहाजांचे नियम ठरवून तपासणी करणाऱ्या संस्थांची: टँकर आणि बल्क कॅरिअरच्या सामायिक नियमांत उतार ३० अंशांपेक्षा जास्त नको, टोकाशी उरणाऱ्या नाकाची उंची साधारण त्या पट्टीच्या जाडीइतकीच, पण १५ मिमीपेक्षा कमी असायची गरज नाही. प्लेटच्या पलीकडे आधार नसेल तर टोक सांगाड्याच्या शेजारच्या मेंबरपासून ४० मिमीच्या आत संपवायचं. रॅटहोलची (वेल्डसाठी पट्टीच्या कोपऱ्यात सोडलेल्या खाचेची) त्रिज्या, वेल्डची फट मात्र यार्डाची आवड, आणि प्रत्येक यार्डाला आपलीच आवड शास्त्र वाटते!

तक्ता भरला की सगळ्या प्रकारची टोकं असलेला एक छोटा चाचणी-ब्लॉक बनवतो. त्याचे प्रोफाइल स्केच यार्डाच्या कटिंग फोरमनने पाहिल्याशिवाय मूळ मॉडेलला हात लावत नाही. कारण काप बदलला की कापायची लांबी बदलते, नेस्टिंग (कच्च्या मालावर भागांची मांडणी) बदलतं, पाठवलेल्या भागांची रिव्हिजन निघते. क्लासचा सर्व्हेयर फार तर एक शेरा मारतो. फोरमन मात्र थेट फोन करतो.

कोटेशनमध्ये या सेटअपची ओळ आम्ही वेगळी दाखवतो. घासाघीस नेमकी तिच्यावरच होते. मॉडेलिंगच्या दरात थोडं खाली येतो, तिथे नाही.