पोरगं नेमकं कुठं अडलंय?

आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि नेमकी तेव्हाच पेरणीची घाई असते. मोठी पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी, पोरगा सरकी टोबायला वावरात. पटावर नावं भरपूर, वर्ग अर्धा. म्हणून सहावीच्या इंग्रजीची चाचपणी मी एका दिवसात उरकत नाही. जे लेकरू ज्या दिवशी येईल, त्याला घेऊन व्हरांड्यात बसते.

शासनाची पायाभूत चाचणी होतेच: मराठी, गणित, इंग्रजी. ती हवीच. पण लेकरू कोणत्या पायरीवर थांबलंय हे कळायला शेजारीच बसावं लागतं. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून एकेका मुलाला असंच समोर बसवून वाचायला देते. इंग्रजी तपासते तेव्हा आधी मोठी अक्षरं, मग लहान, मग सोपे शब्द, मग वाक्यं. वाचता आलं तर अर्थही विचारते. मी तोच क्रम धरते, फक्त त्याच्याआधी ऐकण्याची पायरी घालते. मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. सहावीतल्या लेकराच्या कानावर ती पाच वर्षं पडलेली असते. त्यातलं काही ना काही आत मुरलेलं असतंच, ते आधी शोधायचं.

सतरंजीवर पेन, खोडरबर, कंपासपेटी ठेवते. 'पुट द पेन इन द बॉक्स' म्हणते आणि गप्प बसते. हाताचा इशारा नाही, नजरसुद्धा पेटीकडे जाऊ द्यायची नाही. पोरं आपल्या डोळ्यांवरून उत्तर काढतात. 'इन' बहुतेकांना कळतं. 'अंडर' म्हटलं की हात थबकतो.

यंदा पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, आलेला एक मुलगा आहे. घरी कोलामी बोलतात, मराठी तो शाळेत शिकला, इंग्रजी त्याची तिसरी भाषा. त्याच्या जुन्या नोंदीत 'इंग्रजी येत नाही' एवढंच लिहिलं होतं. पुस्तक उघडलं तर मान खाली घालून म्हणाला, "मले नाही येत, मॅडम." पुस्तक मिटलं आणि नुसतं बोलून सांगितलं, तर पेन पेटीत, पेटीवर, पेटीखाली, सगळं बिनचूक. मोठी अक्षरंही आली. लहान 'बी' आणि 'डी' आले की गडबडला. त्याची अडचण एवढीच होती आणि 'येत नाही' या शेऱ्याखाली ती दबून गेली होती. राग येतो मला अशा शेऱ्यांचा.

एकीनं 'पुट' हा शब्द 'पट' असा वाचला. मला आनंद झाला! 'कट', 'बट' वाचता येतात म्हणूनच तिनं तसं वाचलं. चित्र पाहून अंदाजानं 'कीप' म्हणणाऱ्या पोराची आणि तिची चूक एका मापानं मोजायची नाही. म्हणून माझ्या वहीत गुण नसतात. पोरगं जे बोललं ते जसंच्या तसं लिहिते, पुढे तारीख.

या नोंदींवरून गट पाडते, पण गटांना मी नावं देत नाही, कोण कुठल्या गटात हे वर्गात पुकारत नाही. त्या मुलाला सध्या परिपाठानंतर वाळूत बोटानं 'बी' आणि 'डी' गिरवायला देते, आणि सूचना इंग्रजीतच. ऑगस्टात निंदण आटोपून वर्ग भरला की सगळ्यांना पुन्हा तीच वाक्यं वाचायला देईन आणि वहीतल्या जुन्या तारखेशेजारी नवं लिहीन.