सेंच्युरी २१ चा घुमट

आज व्हॅली फेअर मॉलमधली खरेदी आटोपून मी मुद्दाम कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे शहराच्या सेंच्युरी २१ चित्रपटगृहासमोर थांबलो. १९६४ साली सिनेरामा या अतिरुंद चित्रपट दाखवण्याच्या पद्धतीच्या वक्र पडद्यासाठी बांधलेले हे घुमटाकार चित्रपटगृह ३१ मार्च २०१४ रोजी बंद झाले. त्याच वर्षी शहराने वारसा वास्तूचा दर्जा दिल्यामुळे ते वाचले, त्याची भावंडे, म्हणजे शेजारची घुमटाकार चित्रपटगृहे, मात्र जमीनदोस्त झाली, याचे मला आजही वाईट वाटते.

साताऱ्याहून आलेल्या बाबांना मी इथेच घेऊन आलो होतो. मागेपुढे झुलणाऱ्या खुर्चीत बसून, एवढा रुंद पडदा नजरेत मावत नाही म्हणून ते लहान मुलासारखे मान वळवून पाहत राहिले. त्या तिकिटाचा तुकडा त्यांच्या पश्चात पाकिटात सापडला, अक्षरे पुसट झालेला, चौघडी घातलेला.