हात बरो हालतालो

‘अक्षरां हालोवपाचे पयशे दितात?’

मोशन डिझायनर म्हणजे नक्की काय करतो, हे आईला तिसऱ्यांदा समजावून झाल्यावर तिनं काढलेला हा निष्कर्ष. खोटं आहे म्हणायला मला तोंड नाही. मुंबईच्या एका कंपनीचं नाव डावीकडून सरकत यावं, थबकावं आणि त्यातल्या अनुस्वारानं टुणकन उडी मारून आपल्या जागी बसावं, यासाठी मी मागच्या महिन्यात अकरा दिवस घातले. सगळा खेळ सहा सेकंदांचा. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ चौकटींचं, म्हणजे दीडशे चौकटी. हा २५ चा आकडा ५० हर्ट्झच्या विजेवरून आला, तिच्या बरोबर निम्मा. तीच वीज मांडवीतल्या आमच्या चोडण बेटावर पावसाची पहिली सर आली की जाते, आणि रेंडर, म्हणजे सगळ्या चौकटींचा पक्का व्हिडिओ बनवायचं कॉम्प्युटरचं काम, तेव्हा हटकून संपत आलेला असतो.

त्या अकरा दिवसांतले निदान सहा अनुस्वाराच्या उडीत गेले. सॉफ्टवेअरला तुम्ही सांगता, पहिल्या चौकटीत ठिपका इथे, विसाव्या चौकटीत तिथे. मधलं ते भरतं. पण भरतं कसं, तर सरकारी पगारवाढीसारखं, दर चौकटीला सारखंच. ठिपका निघतो त्याच वेगानं चालतो आणि भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो. जगात असं काहीच हलत नाही. नारळ पडतो तो वेग घेत घेत. मांजर उडी मारण्याआधी मागे दबतं. म्हणून एफ नाईनचं बटण दाबायचं, मग हालचालीच्या ग्राफची सरळ रेघ वाकते आणि ठिपका हळू निघून हळू पोचतो. माझ्या कीबोर्डवरचं ते बटण पुसून गेलंय. पण एफ नाईन म्हणजे पाकिटातला मसाला. चव स्वतःची हवी असेल तर ग्राफ हातानं ओढत बसावं लागतं.

माझा आवडता ग्राफ रायबंदरच्या फेरीबोटीत आहे. पणजीला काम असलं की मी स्कूटर घेऊन तिच्यात चढतो आणि कठड्याला टेकून उभा राहतो. मांडवी ओलांडायला काही मिनिटं लागतात. मध्यावर बोट बिनधास्त असते. धक्का जवळ आला की इंजिनाचा आवाज उतरतो आणि बोट जवळजवळ थांबल्यासारखी वाटते, पण थांबलेली नसते. शेवटचे दोन-तीन मीटर ती इतकी सावकाश कापते की पुढच्या रांगेतले स्कूटरवाले अधीर होऊन किक मारतात. मग फळी दगडी उतारावर टेकते, खर्र असा आवाज होतो आणि बोट अगदी किंचित मागे सरते. तो किंचित मागे सरण्याचा भाग मी आजवर तीन कामांत चोरलाय. पैसे मिळाले. ओहोटी असली की बोट चालवणारा सारंग ती जरा तिरकी आणतो, त्या दिवशीचा ग्राफ वेगळा.

एवढं सगळं कळतं अशा गुर्मीत मी दोन वर्षांपूर्वी वाड्यावरच्या नरकासुराचा उजवा हात करायला घेतला.

गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुर उभे राहतात आणि पहाटे जाळले जातात. बांबूचा सांगाडा, आत गवत, वर कागद, मुखवटा जितका भीषण तितका बरा. हल्ली नुसता उभा नरकासुर कुणी बघत नाही, तो हलावा लागतो. पोरं माझ्याकडे आली, ‘तू हालयतां न्हय?’ म्हणून. मी कॉम्प्युटरवर तलवारीचा हात आधी करून दाखवला. झक्क. वर जाताना दम धरतो, टोकाला क्षणभर थांबतो, मग खाली येतो. पोरं खूश. मग भंगारातली वायपरची मोटर आणली, बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडली, तर ती नुसती गोल गोल फिरू लागली, एकाच दिशेला, एकाच वेगानं. मोटरला एफ नाईन नसतो.

मी उलटसुलट करंट द्यायचा घाट घालत होतो. गॅरेजवाला मेस्त बराच वेळ विडी ओढत बघत होता. शेवटी म्हणाला, ‘वायपर केन्ना पळयला मरे?’

जन्मभर गोव्याच्या पावसात राहून मी वायपर पाहिला नव्हता. मोटर त्यातही एकाच दिशेला फिरते. तिच्या चाकावर, मधोमध न लावता कडेला, एक दांडा अडकवलेला असतो. चाक गोल फिरतं, दांडा मागेपुढे होतो आणि वायपर काचेच्या दोन्ही टोकांना जरा रेंगाळून परततो. हळू निघणं, हळू पोचणं, सगळं त्या कडेला लावलेल्या खिळ्यात. मेस्तानं माझ्या जुन्या सायकलचं पायडल दांड्यासकट काढलं आणि अर्ध्या तासात जोडून दिलं. मी ग्राफच्या ज्या वळणासाठी बिल लावतो, ते तिथे ग्रीसमध्ये माखून फिरत होतं.

तरी हात रडला. बांबू, गवत आणि पत्र्याची तलवार मिळून वजन बरंच झालं. वर चढताना मोटर कण्हायची आणि खाली येताना हात असा आदळायचा की मुखवट्याचा एक सुळा निघाला. कॉम्प्युटरवरच्या हाताला वजन नव्हतं, ते मी नुसतं भासवलं होतं. उपाय पुन्हा मेस्ताचाच. खांद्याच्या मागच्या बाजूला दांडा वाढवून त्याला गोणत्यात घातलेला अर्धा चिरा टांगला. रात्री दहाला हात वर गेला, टोकाला थबकला आणि खाली आला, फेरीबोटीसारखा. मी वीसेक मिनिटं तोच बघत उभा होतो. आजूबाजूला डीजे कानठळ्या बसवत होता, त्याविषयी न बोललेलं बरं.

पहाटे मोटर, पायडल आणि चिरा काढून घेतला आणि बाकीचं पेटवलं. हात सगळ्यात आधी गेला, गवत सुकं होतं. याची कुठे फाईल नाही. एकानं फोनवर व्हिडिओ काढला होता, त्यात निम्मा वेळ त्याच्या भावाचं डोकं आहे.

घरी येऊन न्हालो, तुळशीपाशी कारीट फोडलं आणि फोवांना, म्हणजे पोह्यांना, बसलो. आईनं दुधातले फोव वाढता वाढता म्हटलं, ‘हात बरो हालतालो.’

बारा वर्षांत माझ्या कामाबद्दल तिनं काढलेला हा पहिला बरा शब्द. मी घास तसाच धरून बसलो.

‘पयशे कितले मेळ्ळे?’

मी फोवांत मान घातली. पाचशे रुपये वर्गणी मीच दिली होती.