जुन्या क्रोमोली फ्रेमची टूरिंग सायकल: ३,१८० किलोमीटरपर्यंत काय काय झालं

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा नुसती फ्रेम होती, भिंतीला टेकवलेली. आज मीटरवर ३,१८० किलोमीटर झालेत. साताऱ्याहून मेढ्यावरून महाबळेश्वरला चढणारा केळघर घाट तीन वेळा, यवतेश्वरवरून कास पठार किती वेळा ते मोजलं नाही, एकदा सांगली जाऊन-येऊन, आणि कोयनानगरची एक राइड अर्धी राहिली, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त शिकलो ते तिथंच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. फ्रेम म्हणजे नव्वदच्या दशकातली २६ इंची चाकांची एमटीबी (डोंगरी सायकल), पुण्यात एकांनी परदेशातून येताना आणलेली, पुढचा चिमटा साधा म्हणजे सस्पेन्शन नसलेला, नळ्या ४१३० क्रोमोलीच्या, म्हणजे एका मिश्र स्टीलच्या. मागं कॅरिअर बसवायला भोकं आहेत, चिमट्याला पण आहेत, म्हणून घेतली. बरेच जण विचारतात की एवढी जुनी फ्रेम कशाला, नवीन अॅल्युमिनियमची चांगली मिळते की. मिळते, आणि ज्याला हलकी पाहिजे त्यानं जरूर घ्यावी. पण एक गैरसमज कायम ऐकतो तो दुरुस्त करायचाय, की क्रोमोली साध्या लोखंडी सायकलीपेक्षा "कडक" असते म्हणून भारी. तसं नाहीये. स्टील कुठलंही घ्या, दूधवाल्याच्या सायकलीचं असो नाहीतर रेनॉल्ड्सची ५३१ नळी असो, वाकायला विरोध करायचा गुण जवळपास सारखाच असतो. क्रोमोलीत फरक आहे तो ताकदीचा, थोडं क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम, त्यामुळं नळी पातळ ठेवली तरी तुटत नाही, आणि पातळ ठेवली की वजन कमी होतं आणि अंगाला थोडी लवचीक लागते. अॅल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून त्याच्या नळ्या जाड्या घ्याव्या लागतात. आणि स्टील एका मर्यादेच्या आतल्या हेलकाव्यांनी थकत नाही, अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नसते. सामान लादून वर्षानुवर्षं चालवायची तर मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

२६ इंची चाकाबद्दल पण लय चर्चा होते. लांबच्या राइडवाले बहुतेक ७०० सी, म्हणजे जरा मोठं चाक वापरतात आणि डांबरावर ती पळते पण छान. पण मेढ्यात, पाटणला, विट्याला सायकलच्या दुकानात जाऊन बघा काय टांगलंय ते. शाळेच्या पोरांच्या गिअरवाल्या सायकली बहुतेक २६ इंची, त्यामुळं टायर-ट्यूब कुठंही मिळते, व्हॉल्व्ह मोटरसायकलचा असतो म्हणून पेट्रोल पंपावर हवा भरता येते. ७०० ची ट्यूब मी पुसेसावळीत मागितली असती तर दुकानदारानं साताऱ्यालाच परत पाठवलं असतं. माझं मत आता पक्कं झालंय, टूरिंग सायकल म्हणजे जिचं काम पुढच्या गावात होतं ती सायकल, आणि नुसती फ्रेम स्टीलची असून भागत नाही, बाकीचा प्रत्येक पार्ट त्याच विचारानं निवडला पाहिजे.

हवेचं सांगतो. टायर १.७५ इंच रुंदीचे टाकलेत, मागं ५० पीएसआय, पुढं ४०. आधी मी दाबून ठासून भरायचो कारण कडक टायर पळतो असंच आपल्याला लहानपणापासून अंगठ्यानं दाबून शिकवलेलं. फ्रँक बर्टो म्हणून एक अमेरिकन होते, त्यांनी टायर मोजून मोजून सांगितलं की वजन पडल्यावर टायर उंचीच्या साधारण १५ टक्के दबला पाहिजे. रहिमतपूर रोडच्या खडबडीत तुकड्यावर मी दोन्ही करून बघितलं. हवा कमी केल्यावर वेग कमी झाला नाही, आणि संध्याकाळी मनगटं दुखली नाहीत.

आता गिअर. आधीच्या मालकानं फ्रेमवर स्वस्तातला सेट चढवला होता, पुढच्या चकत्यांना २८-३८-४८ दात, मागं १४ ते २८ दातांचं फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी चढवायचा चकत्यांचा गठ्ठा. म्हणजे सगळ्यात हलका गिअर २८ ला २८. पहिल्यांदा केळघर चढलो तो यावर, मागं १२ किलो सामान. मेढ्यापर्यंत वेण्णेच्या कडेनं मजेत गेलो, केळघर गाव सोडलं आणि चढ लागला की मिनिटाला ६० वेळा पाय फिरवायचे तर साडेसात किलोमीटर वेग पाहिजे, तो सामानासकट माझ्यात नाही, मग पाय ४० वर आले, गुडघ्यावर सगळा जोर, अर्ध्या घाटात उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ यायला लागली ती आठ दिवस राहिली. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथपर्यंत गुडघ्यांच्या जिवावर जायचं नसतं. आता पुढं २२-३२-४४ आणि मागं ११-३४, साखळी हलवणारा डिरेलर लाँग केजवाला. त्याच ६० च्या लयीत आता ४.८ किलोमीटरनं चढता येतं. लोक म्हणतात एवढ्या हळू चालतच जावं की. पण चालताना २८ किलोची सायकल ढकलायची असते हो, बसून पाय फिरवणं केव्हाही सोपं. दुसऱ्या वेळी मी मधे एकदाच थांबलो, ते पण करवंदं दिसली म्हणून.

सगळ्यांना कळकळीनं सांगतो, सातारा जिल्ह्यात सामान घेऊन फिरायचं असेल तर पहिला खर्च खालच्या गिअरवर करा, बॅगा आणि दिवे नंतर.

कोयनानगरची राइड. जाऊन-येऊन पावणेदोनशेच्या आसपास होते, ठरवलं होतं एका दिवसात करायची कारण पुढं २०० ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची २०० किलोमीटरची राइड द्यायचीय, साडेतेरा तासांची मर्यादा असते तिला. पहाटे चारला वाढे फाट्यावरून निघालो, हायवेनं उंब्रजपर्यंत आणि तिथून आत. मल्हारपेठ सोडल्यावर दोन-अडीच किलोमीटरवर एका खड्ड्यात मागचं चाक आपटलं, मोठं काही नाही, रोजच्यासारखंच, पण पुढच्या शंभर मीटरमधे ब्रेक घासायला लागला आणि गिअर आपोआप उड्या मारायला लागले. मला वाटलं चाकाची तार (स्पोक) तुटली. उतरून चाक हातानं हलवलं तर ते डावी-उजवीकडं अर्धा इंच हलत होतं. एक्सल मोडला होता, उजव्या कोनच्या (छर्रे दाबून धरणाऱ्या आटेवाल्या तुकड्याच्या) अगदी लगत, तुटलेली जागा अर्धी काळपट आणि अर्धी चकचकीत. काळपट भाग म्हणजे तडा आधीच गेलेला, किती दिवस मी त्याच्यावर फिरत होतो देव जाणे.

कारण नंतर नीट समजलं. फ्रीव्हीलवाल्या हबमधे उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला असतात, म्हणजे छऱ्यांपासून फ्रेमपर्यंत एक्सलचा बराच तुकडा आधाराशिवाय लोंबकळतो. सात चकत्यांचं फ्रीव्हील आणि वर १२ किलो सामान आणि माझं वजन, तो तुकडा प्रत्येक फेऱ्यात जरा जरा वाकतो. कॅसेटच्या हबमधे, जो शिमानोनं १९७८ मधे आणला, छर्रे पार बाहेरच्या टोकाला नेलेत, त्यामुळं तो प्रश्नच राहत नाही.

सायकल ढकलत मल्हारपेठेला परत आलो. दुकान नुकतं उघडत होतं. तिथल्या मिस्त्रींनी चाक काढलं, मोडका एक्सल फळीवर ठेवला आणि खोक्यातून चार एक्सल काढून एकेकावर माझा कोन फिरवून बघितला. तिसऱ्यावर आटे जुळले. छर्रे डिझेलमधे धुतले, दोन खराब होते ते बदलले, ग्रीस बोटानं वाटीत भरून छर्रे एकेक करून त्यात बसवले, कोन आवळला, मग चाक हातात धरून फिरवलं आणि डोळे मिटून बोटाला लागणारी खरखर बघितली. "जरा ढिल्ला ठेवतो, नट आवळल्यावर घट्ट होतंय," म्हणाले. पाऊण तासात मी रस्त्यावर. पण त्या दिवशी पुढं गेलो नाही, दुसरा एक्सल त्याच हबमधे होता आणि मनातून धास्ती जात नव्हती.

नंतर मी कॅसेट हब घेतला, ३६ भोकांचा, तारा १४ गेजच्या. पण इथं माझ्याच नियमाला मी मुरड घातलीय हे कबूल करतो, कारण याचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट बसते तो फिरता भाग, गेला तर मल्हारपेठेच्या खोक्यात तो सापडणार नाही. मोडला तर कुठंही दुरुस्त होणारा पार्ट चांगला का मुळात न मोडणारा चांगला, यावर मी महिनाभर विचार केला. शेवटी मागच्या एक्सलपुरता न मोडणारा निवडला. तुम्ही कोणी फ्रीव्हीलवर सामान घेऊन पाच-सहा हजार किलोमीटर काढलेत का, अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा.

उतारावर हँडल थरथरायचं ते पण सुटलं. पसरणी घाटात पहिल्यांदा झालं, पाचगणीकडून वाईला उतरताना चाळीसच्या पुढं गेलो की पुढचं चाक फडफडायचं, सगळी फ्रेम सापासारखी वळवळायची. पातळ नळीचा हा तोटा आहे, सगळं वजन मागं उंचावर असलं की फ्रेम पिळते. तेव्हा गुडघ्यांनी वरची नळी घट्ट दाबून धरली, ते करा कधी झालं तर, लगेच शांत होतं. कायमचा उपाय म्हणजे पुढं एक्सलच्या पातळीला दोन छोट्या बॅगा, त्यात जड सामान, हत्यारं, पाणी, स्टोव्ह. आता पाच किलो पुढं, सात मागं. त्याच घाटात पन्नासनं उतरलो, हात सैल ठेवून. जुने फ्रेंच कारागीर, रने एर्स वगैरे, सामान पुढं ठेवायचे आणि चिमट्याची वाकण त्या हिशोबानं काढायचे. आपल्याला चिमटा बदलता येत नाही, वजन हलवता येतं.

चिमट्याच्या एका बाजूचं कॅरिअरचं कान तुटलेलं होतं, ते आमच्या गॅस वेल्डिंगवाल्या काकांनी बसवलं. आर्क लावायचं नाही असं सांगायला गेलो तर त्यांनीच आधी नळीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "पातळ हाय, पितळेचा टाका मारतो." टाकणखार लावला, ज्योत दुरूनच फिरवत ठेवली, जागा लालसर झाली आणि पितळ पाण्यासारखं कडेनं पळत गेलं. अठराशे किलोमीटर झाले त्याला, केसाएवढी चीर नाही. जवसाचं तेल नळ्यांच्या आत ओतून सगळीकडं फिरवून उलटी टांगून ठेवली होती दोन दिवस, आपल्याकडच्या पावसात आतून गंज लागतो तो बाहेरून दिसत नाही.

बॅगा कॅनव्हासच्या, ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतल्या, महाबळेश्वरहून मधाच्या पोळ्याचं मेण आणून वितळवून वरून चोळलं. मोठ्या सरीत टिकत नाही, भुरभुर पावसात टिकतं.

सांगलीची राइड रहिमतपूर, पुसेसावळी, विटा, तासगाव अशी केली, हायवे टाळून. तासगावच्या अलीकडं बेदाण्याच्या शेडवरून येणारा गोडसर आंबूस वास किलोमीटरभर सोबत होता. ऊसतोडीचे दिवस, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नसतो, अंधार पडायच्या आत पोचायचं एवढंच पाळलं. आयर्विन पुलावर सायकल कठड्याला टेकवून कृष्णा बघत भडंग खाल्लं, रात्री मावशीकडं मुक्काम, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं परत. दोन दिवसांत एक पंक्चर, बाकी पान्याला हात लावला नाही.

१९२३ मधे मुंबईहून हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघं पारशी तरुण सायकलवरून जगाला फेरी मारून १९२८ मधे परत आले, तेव्हाच्या स्टीलच्या सायकलींवर, गिअरचं काही कौतुक नसताना. चढावर कंटाळा आला की मला त्यांची आठवण येते आणि बरं वाटतं.

येत्या शनिवारी कोयनानगर परत. नवा हब ६०० किलोमीटर चाललाय, परवा तारांचा ताण बोटानं वाजवून बघितला, उजव्या बाजूच्या दोन ढिल्या होत्या त्या पाव-पाव फेरा आवळून रिमचा आउट (डुगणं) काढला. मागच्या दोन तारा मापाच्या जास्तीच्या घेऊन नळीला चिकटपट्टीनं बांधल्यात. जाताना मल्हारपेठेला थांबणार आहे, मिस्त्रींना नवीन हब दाखवायचाय आणि त्यांच्यासाठी कंदी पेढे घेतलेत.