म्हण ना गं

पाहुणे आले की आई म्हणायची, "एक गाणं म्हणून दाखव." एवढ्यावर मी म्हणायचे. पण मावशी, आत्या, शेजारच्या काकू सगळ्याच मागे लागल्या की घसा बंद! पुढे प्रयोगशाळेत उंदराच्या स्वादुपिंडातल्या पेशी अगदी अशाच वागल्या, तेव्हा मला त्यांचा राग येईना.

काम तसं स्वयंपाकघरातलंच. स्वादुपिंड कोलॅजिनेजमध्ये, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारे धागे तोडणाऱ्या एन्झाइममध्ये, भिजवून पेशींचे बारीक घोस सुटे करायचे. पिपेटचं टोक कात्रीने कापून रुंद करायचं, नाहीतर घोस फाटतात. बफरमध्ये सोयाबीनमधलं एक प्रथिन घालायचं, ते ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमला आवर घालतं. मग ३७ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, सेंट्रिफ्यूज फिरवायचं आणि वरच्या निवळीत अमायलेज, म्हणजे या पेशी स्रवतात ते स्टार्च पचवणारं एन्झाइम, किती उतरलं ते बघायचं. स्टार्चला निळा रंग बांधलेला असतो. अमायलेज स्टार्च तोडतं, रंग पाण्यात सुटतो. जितकं निळं, तितकं जास्त. तेही नुसतं मोजायचं नाही, पेशींत एकूण होतं त्यातलं किती टक्के बाहेर आलं, ते काढायचं. ज्याच्याकडे जेवढं आहे त्या मानाने दिलेलं धरायचं, हे मला फार आवडलं.

एकदा पेशींना चेतवणारं काहीही न घातलेल्या नळीतच ३० टक्के आलं. एरवी तिथे दोन-चार टक्के असतात. मी हरखले. सरांनी एवढंच विचारलं, "एलडीएच पाहिलंस?" हे एन्झाइम पेशी कधी स्रवत नाही, ते बाहेर दिसलं तर पेशीच फुटलेली. पाहिलं, तर बाहेर भरपूर! त्या दिवशी मी टोक कापायला विसरले होते.

पेशींना बोलतं करायला सेरुलीन नावाचं द्रव्य असतं, ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकाच्या कातडीत सापडलेलं. जेवणानंतर आतड्यातून सुटणाऱ्या कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकाची ते हुबेहूब नक्कल करतं. थोडं घातलं, अमायलेज वाढलं. आणखी घातलं, आणखी वाढलं. मात्रा शंभरपट केली आणि आलेख चक्क खाली आला. पेशी जिवंत, आत माल भरलेला, पण देईनात.

रात्री आईला फोनवर हे सगळं सांगितलं. "म्हणजे तेव्हा चूक आमची होती होय?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "बरं, आता मी एकटीच आहे. म्हण ना एखादं."