गाडीची बॅटरी जानेवारीत बसली, पण गेली होती मे महिन्यातच

जानेवारी २०२३. रात्रीचे पावणेदोन. फोनवर ओळखीचा आवाज: "मॅडम, गाय अडली. पाय बाहेर आले, डोस्कं येऊन नाही राह्यलं." मी पशुवैद्यक आहे, अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याच्या बाजूच्या गावांमध्ये काम करते. अडलेल्या गायीकडे जायचं तर एकेक मिनिट मोलाचं असतं. बॅग घेतली, गाडीत बसले, सेल्फ मारला. टक. टक. टक. डॅशबोर्डचे दिवे मंद झाले आणि विझले.

शेवटी त्याच शेतकऱ्याच्या मुलाने मोटरसायकलवर येऊन मला नेलं. त्यात पाऊण तास गेला. गाय वाचली, वासरू मेलेलं निघालं. वेळेत पोचले असते तर ते जिवंत निघालं असतं का, हे सांगता येत नाही. पण त्या रात्रीनंतर मी बॅटरी हा विषय नीट समजून घ्यायचं ठरवलं.

बॅटरी फक्त वीस महिन्यांची होती. आमच्या गावातले ऑटो इलेक्ट्रिकवाले चाचा कॅप उघडून टॉर्च मारत म्हणाले, "मॅडम, ही थंडीनं नाही गेली. उन्हाळ्यानंच खाल्ली होती, थंडीत फक्त पडली." तेव्हा पटलं नाही. नंतर वाचलं, समजून घेतलं, आणि आता शंभर टक्के पटतं. तापमान वाढलं की बॅटरीच्या आतल्या सगळ्या क्रियांचा वेग वाढतो, नको त्यांचाही. प्लेटांच्या शिशाच्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं, पाणी कमी झालं की प्लेटांची वरची कड उघडी पडते आणि तेवढा भाग कायमचा जातो. ढोबळ हिशेब असा की तापमान दहाएक अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. उन्हाळ्यात इंजिन सहज सुरू होतं, म्हणून हे नुकसान कळत नाही. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो, तेव्हा ते उघडं पडतं. आणि आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय, तर मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि जमावबंदीचा आदेश काढावा लागला. त्या उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल!

माझ्या त्या बॅटरीची आणखी एक गोष्ट नंतर कळली. तिच्यावरचा तारखेचा कोड चाचांनी वाचून दाखवला. मी २०२१ च्या मे महिन्यात घेतली तेव्हा ती अकरा महिने दुकानात पडून होती, पत्र्याच्या शेडमध्ये. नुसती पडलेली बॅटरीही आपोआप उतरत जाते, उन्हात तर फार लवकर. उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात आणि मग कितीही चार्जिंगला लावा, पूर्वीची ताकद येत नाही. मी "नवी" बॅटरी घेतली होती ती अशी.

म्हणून आता कुणी विचारलं की मी कंपनीचं नाव सांगत नाही, आधी तारीख बघा म्हणते. कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, दुकानदाराला वाचून दाखवायला लावा. तीन महिन्यांपेक्षा जुनी मी घेत नाही. मीटर लावून व्होल्टेज बघायला सांगा: १२.६ च्या आसपास हवं, १२.४ च्या खाली असेल तर ती ठेवा तिथेच. आणि जिथे रोज चार-पाच बॅटऱ्या खपतात त्या दुकानात जा, तिथे माल पडून राहत नाही.

वॉरंटीच्या कार्डावरचा मोठा आकडा दोन तुकड्यांचा असतो. पहिल्या तुकड्यात बॅटरी फुकट बदलून मिळते, दुसऱ्यात फक्त किमतीत सूट. पहिला तुकडा किती महिन्यांचा, एवढंच मी विचारते. अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच घ्यावेत. ज्यांच्या गाडीचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद होतं, त्यांनी साधी बॅटरी बसवू नये, पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचीच घ्यावी.

सीलबंद की कॅपवाली? मी कॅपवाली घेतली, मुद्दाम. सीलबंद बॅटरीतलं पाणीही उन्हाने कमी होतंच, फक्त आपल्याला ते भरता येत नाही. ज्यांना महिन्याला बॉनेट उघडायचं नाही त्यांनी सीलबंद घ्यावी, चूक नाही. पण मला आमच्या उन्हाळ्यात आत बघता यायला हवं. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पातळी बघते आणि खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरते. ॲसिड कधीच घालायचं नाही, उडतं ते पाणी. आमचा हा खारपाणपट्टा, इथल्या बोअरचं पाणी तर बॅटरीत एक थेंबही नको. त्यातले क्षार प्लेटांची वाट लावतात. आरओचं पाणीही डिस्टिल्ड नसतं, हे मला इथे आवर्जून सांगायचंय, कारण आमच्याकडे सर्रास तेच ओततात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नवी बसवताना चाचांनी अल्टरनेटरही, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा भाग, तपासला. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट आले. हे पंधराच्या वर गेलं तर बॅटरी आतून उकळत राहते आणि नवी बॅटरी घालूनही काही उपयोग नसतो. गाडीच्या कंपनीने बॅटरीभोवती उष्णतारोधक कापडी वेष्टण दिलेलं होतं. आधीची बॅटरी बसवणाऱ्याने ते काढून टाकलं होतं, मी नवीन मागवून बसवलं. दवाखान्यात गाडी आता कडुनिंबाखाली उभी असते, पक्ष्यांची घाण पडते, पडू दे.

तीन उन्हाळे झाले. लस आणि औषधांच्या नोंदी ठेवते त्याच डायरीच्या मागच्या पानावर दर महिन्याला सकाळी गाडी सुरू करण्याआधीचं व्होल्टेज लिहिते. बरेच महिने १२.६ होतं, आता १२.५ दिसतंय. सलग दोन सकाळी १२.४ च्या खाली आलं की चाचांकडून लोड टेस्ट (भार टाकून बॅटरीची ताकद बघणं) करून घेईन आणि बसलेली निघाली तर पोळ्याच्या आत नवी आणेन. गायी पावसाळ्यानंतर जास्त वितात आमच्याकडे, आणि फोन रात्रीच येतो.