चार मेंढ्या, सहा कोंबड्या आणि नऊ आकडी क्रमांक

इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात आम्ही सफरचंदाच्या जुन्या बागेसह तीन एकर जमीन घेतली, तेव्हा तिथे मेंढ्या पाळायच्या हे माझ्या मनात आधीपासूनच होते. माझे माहेर सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातले. माडग्याळ मेंढ्यांचे कळप दारावरून जाताना पाहतच मी मोठी झाले. श्रॉपशर याच नावाच्या जातीच्या मेंढ्या झाडांची साल सहसा कुरतडत नाहीत, म्हणून त्या फळबागेत चारता येतात, हे कळल्यावर चार माद्या घेण्याचे ठरले. ऑगस्ट 2024 मध्ये एका मेंढपाळाशी फोनवर बोलणे झाले. किमतीची गोष्ट निघण्याआधीच त्यांनी आमचा होल्डिंग नंबर, म्हणजे जनावरे ठेवायच्या जागेचा सरकारी नोंदणी क्रमांक, विचारला आणि तो मिळेपर्यंत एकही मेंढी गाडीत चढणार नाही, असे स्पष्ट सांगितले.

आधी जनावर आणावे आणि मग त्याची नोंद करावी, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे : आधी जमिनीची नोंद होते, मगच तिथे जनावर येऊ शकते. हा क्रमांक नऊ आकडी असतो. पहिले दोन आकडे परगण्याचे, पुढचे तीन पॅरिशचे, म्हणजे परगण्यातल्या छोट्या स्थानिक विभागाचे, आणि शेवटचे चार त्या जागेचे. आपल्या सातबाऱ्यावरून मालकी आणि पीकपाणी कळते. या क्रमांकाचा मालकीशी संबंध नाही, जनावरे कुठे आहेत एवढेच तो सांगतो. म्हणून भाड्याने घेतलेल्या कुरणालाही तो लागतो आणि हौसेने पाळलेल्या एकाच मेंढीसाठीही लागतो.

इंग्लंडमध्ये हा क्रमांक रुरल पेमेंट्स एजन्सी ही सरकारी संस्था देते आणि त्यासाठी शुल्क नाही. आमचे काम मात्र अडले, कारण आमच्या बागेचा एक तुकडा आधीच्या मालकांच्या नोंदीत अजून तसाच होता. नकाशावर तो तुकडा दाखवून देणे, जुन्या मालकांकडून लेखी घेणे आणि पुन्हा फोन करणे यात पाच आठवडे गेले. खरेदीच्या कागदपत्रांबरोबरच हे विचारून घेतले असते, तर तो वेळ वाचला असता. जमीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे आवर्जून सांगते.

या काटेकोरपणामागे 2001 सालची लाळ्या-खुरकुताची साथ आहे. नॉर्थम्बरलंडमधल्या एका वराहपालन केंद्रातून, बहुधा नीट न उकळलेल्या खरकट्यातून, तिची सुरुवात झाली असे मानले जाते. 20 फेब्रुवारीला रोगाचे निदान पक्के होईपर्यंत बाजारांतून विकल्या गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो देशभर पोहोचला होता. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. कोणते जनावर कोणत्या दिवशी कुठे होते हे लगेच कळणे किती मोलाचे आहे, हे त्या आकड्यावरून समजते. आणि आमच्या चार मेंढ्यांसाठी एवढे कागद कशाला, हा प्रश्न मी त्यानंतर विचारला नाही.

मेंढ्या ऑक्टोबरमध्ये आल्या. त्यांच्याबरोबर वाहतुकीचा दाखला होता आणि त्या पोहोचल्याची नोंद मेंढ्यांच्या ऑनलाइन सेवेवर तीन दिवसांत करायची होती. त्यानंतर सहा दिवस आमच्या जागेतून मेंढी बाहेर नेता येत नव्हती, कारण नव्या जनावराबरोबर आलेला रोग तेवढ्या काळात दिसून येण्याची शक्यता असते. जनावरे आल्यापासून तीस दिवसांच्या आत अ‍ॅनिमल अँड प्लांट हेल्थ एजन्सीला कळवायचे असते. तिथून कळपाचा वेगळा क्रमांक मिळतो. मेंढ्यांच्या कानांत जुन्या मालकाचे बिल्ले तसेच राहतात. आमचा क्रमांक असलेले बिल्ले इथे जन्मणाऱ्या कोकरांनाच लागतील.

कोंबड्यांचे काम त्यामानाने सोपे झाले. पूर्वी पन्नास किंवा अधिक पक्षी असतील तरच नोंद सक्तीची होती, पण बर्ड फ्लूच्या सततच्या साथींनंतर 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एकच कोंबडी असली तरी ती करावी लागते. आम्ही सहा तलंगा आणल्या आणि त्याच आठवड्यात अर्ज भरला. पक्षी किती, कशासाठी पाळले आहेत, ते मोकळे फिरतात का, असे प्रश्न त्यात होते.

मला खरोखर जड गेली ती खाण्याची अट. माझ्या आजीच्या खुराड्यातल्या कोंबड्या उरलेली भाकरी, आमटीतला भात आणि ताटातले शिते यांवर वाढल्या. इथे घरच्या स्वयंपाकघरातून गेलेला कोणताही पदार्थ कोंबड्यांना घालणे बेकायदेशीर आहे. दूध-अंडीही नसलेला पूर्ण व्हीगन स्वयंपाक असेल तरच सूट मिळते. आईला हे फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "अन्न वाया घालवायचं का गं?" मी तिला 2001 ची हकिकत सांगितली. आता वाफ्यातला पालक आणि कोबीची बाहेरची पाने मी घरात न आणता थेट खुराड्याकडे नेते, आणि भाकऱ्या मोजून करते.

1 डिसेंबरला मेंढ्यांची वार्षिक मोजणी असते. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघे बागेत जाऊन चारही मेंढ्यांच्या बिल्ल्यांवरचे आकडे मोठ्याने वाचले आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर ते लिहिले.